वृषणातली अचानक कळ: आधी धावपळ, मग सबुरी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये माणसाला सगळ्यात जास्त काय घाबरवत असेल तर ते प्रश्नचिन्ह. तिशीतल्या एखाद्याचं डावं वृषण रात्रीतून दुखायला लागतं, सकाळी तो तपासणीला जातो आणि दुपारी हातात कागद पडतो. वृषणाच्या वरच्या भागात दीड सेंटिमीटरचा काळसर डाग, आत रक्तप्रवाह दिसत नाही. पुढे एक प्रश्नचिन्ह आणि 'सेगमेंटल इन्फार्क्ट', मग दोन प्रश्नचिन्हं आणि 'ट्यूमर'. सगळ्यात खाली ठरलेली ओळ: 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. पहिल्या नावाचा अर्थ लागत नाही, दुसऱ्याचा लगेच लागतो. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर इतकं काही वाचून झालेलं असतं की मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

हा लेख त्या न कळलेल्या पहिल्या नावाबद्दल आहे. आजार दुर्मीळ आहे, अनेक सर्जननी तो नोकरीच्या सगळ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलेला असतो. तरी तो समजून घ्यावा असा आहे, कारण त्यात एकामागोमाग एक दोन उलट्या गोष्टी कराव्या लागतात. वृषण अचानक दुखायला लागलं की पहिले काही तास जितकी घाई करावी तितकी थोडी. आणि तपासणीत हा आजार निघाला, तर मात्र ऑपरेशनची घाई करायची नसते. आपल्याकडे बरेचदा नेमकं उलटं होतं. दोन दिवस दुखणं अंगावर काढायचं आणि रिपोर्ट हातात आला की म्हणायचं, "डॉक्टर, काढूनच टाका."

दुखतं खाली, कळ पोटात

अंडकोश म्हणजे बाहेरची कातडीची पिशवी आणि वृषण म्हणजे तिच्यातली ग्रंथी. शुक्रजंतू तयार करणं आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तयार करणं, ही वृषणाची दोन कामं.

आईच्या पोटात बाळ वाढत असताना वृषणं खाली नसतात. ती पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमाराला जांघेतून खाली उतरतात. उतरताना आपली रक्तवाहिनी आणि आपल्या नसा सोबत घेऊन येतात. म्हणून मोठ्या माणसातही वृषणाला रक्त देणारी रोहिणी पोटातल्या महारोहिणीतून, मूत्रपिंडांच्या रोहिण्यांच्या थोडं खाली निघते आणि एवढा लांबचा प्रवास करून अंडकोशात पोचते. नसांचंही तसंच. त्यामुळे वृषणाला इजा झाली की कळ ओटीपोटात जाणवते, मळमळतं, उलटी होते. उलट मुतखडा वरून सरकायला लागला की कळ थेट वृषणात उतरते आणि माणूस चुकीच्या जागेवर हात ठेवून बसतो.

यात लाजेची भर पडते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घरात सांगतो, "पोट दुखतंय." त्याचं म्हणणं खोटंही नसतं. आई ओवा देते, जवळचे डॉक्टर पोट दाबून बघतात, मुरड्याचं इंजेक्शन देतात आणि रात्र तशीच जाते. मुलग्याचं पोट दुखत असेल तर चड्डी उतरवून खाली पाहिल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं समजायचं नाही, हे सर्जन मंडळी शिकाऊ डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बजावतात ते यासाठीच. घरच्यांनीही सरळ विचारावं, "खाली दुखतंय का?" आईला सांगायला तो लाजेल. मग मामाला किंवा मोठ्या भावाला विचारायला सांगावं, पण विचारावं.

पहिला प्रश्न एकच: पीळ बसलाय का?

वृषण अचानक दुखण्याची कारणं बरीच आहेत. लघवीच्या मार्गातून वर चढलेला जंतुसंसर्ग असतो. वृषणाला चिकटलेला एक छोटा, निरुपयोगी कोंब असतो, त्याला लहान मुलांमध्ये पीळ बसतो. गालगुंड झाल्यावर काही दिवसांनी वृषण सुजतं. जांघेतला हर्निया अडकतो. विदर्भात हत्तीरोगाच्या जंतांमुळेही तिथली नळी सुजून दुखते. पण डॉक्टरांच्या डोक्यात या सगळ्यांच्या आधी एकच गोष्ट यायला हवी आणि ती म्हणजे वृषणाला बसलेला पीळ. वृषण ज्या दोरीसारख्या देठाला लटकलेलं असतं, त्याच देठातून रक्तवाहिन्या जातात. वृषण स्वतःभोवती फिरलं की देठाला पीळ पडतो आणि रक्त थांबतं.

घड्याळ इथे सुरू होतं. पहिल्या 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. बारा तासांनी शक्यता बरीच घसरते आणि 24 तास उलटून गेल्यावर ते क्वचितच हाती लागतं. हे सगळ्यात जास्त होतं ते साधारण 12 ते 18 या वयात, पण तिशी-चाळिशीतही होतं. अनेकदा मुलगा झोपेतून कळ येऊन जागा होतो. दुखणारं वृषण दुसऱ्यापेक्षा वर ओढलेलं आणि आडवं दिसतं, हाताला कडक लागतं. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं खाजवलं की एरवी त्या बाजूचं वृषण झटकन वर सरकतं. पीळ असेल तर बहुधा सरकत नाही. सूज, कडकपणा, ही न होणारी हालचाल, मळमळ आणि वर ओढलेलं वृषण या पाच गोष्टींना मिळून 7 गुण देण्याची एक पद्धत आहे, तिला ट्विस्ट स्कोअर म्हणतात. गुण वरचे असतील तर सोनोग्राफीची वाट न बघता थेट ऑपरेशन टेबलवर घेणं योग्य ठरतं.

"रात्री आमच्या गावात सोनोग्राफी होत नाही" ही अडचण खरी आहे, पण ती थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. पीळ सोडवण्याचं ऑपरेशन कुठलाही जनरल सर्जन करू शकतो, त्यासाठी युरॉलॉजिस्ट शोधत दोन जिल्हे ओलांडायची गरज नसते. अंडकोशाला छोटा छेद, पीळ उलटा फिरवायचा, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये वृषण गुंडाळून रंग परत येतोय का ते पाहायचं, आणि मग दोन्ही बाजूंची वृषणं टाके घालून जागेवर बसवायची. दोन्ही अशासाठी की, ज्या जन्मजात ढिलेपणामुळे एक फिरलं तो दुसऱ्या बाजूलाही असू शकतो. समजा ऑपरेशन केलं आणि पीळ निघालाच नाही, तर काय गेलं? एक छोटी जखम. न करता पीळ राहिला तर वृषण जातं. हा हिशेब मला तरी सरळ वाटतो.

कालवा वाहतोय, एक चारी कोरडी

आता आपल्या विषयाकडे येऊ. शरीराच्या एखाद्या भागाला रक्त मिळालं नाही म्हणून तिथल्या पेशी मेल्या, तर त्या मेलेल्या भागाला इन्फार्क्ट म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचं जे होतं, तेच. सेगमेंटल म्हणजे सबंध अवयवाचं नाही, एका तुकड्याचं. तेव्हा 'सेगमेंटल टेस्टिक्युलर इन्फार्क्ट' म्हणजे वृषणाच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा तुटणं. यापुढे मी त्याला नुसतं इन्फार्क्ट म्हणतो.

ज्यांनी कालव्याच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांना हे लगेच समजेल. मुख्य कालव्याचं दार बंद झालं तर सगळं रान वाळतं. हा झाला पीळ. पण कालवा भरून वाहतोय, बाकीच्या चाऱ्यांना, म्हणजे रानात पाणी नेणाऱ्या फाट्यांना, पाणी आहे आणि एकच चारी गाळाने तुंबली, तर तेवढ्याच चारीवरचे वाफे करपतात. बांधाच्या अलीकडे हिरवं, पलीकडे पिवळं, मधे रेघ ओढल्यासारखी हद्द. वृषणातल्या बारीक रोहिण्या अशा चाऱ्यांसारख्याच आहेत. प्रत्येकीचा आपला वाटा ठरलेला असतो आणि शेजारणीचं पाणी वळवून घ्यायची सोय फारशी नसते. म्हणून एक बंद पडली की तिचा वाटा मरतो आणि मरणारा भाग बहुधा पाचरीच्या आकाराचा असतो: टोक आत, जिथून रक्तवाहिन्या येतात त्या बाजूला, आणि रुंद कड बाहेर. आतापर्यंत नोंदल्या गेलेल्या रुग्णांत वृषणाचा वरचा भाग आणि डावी बाजू जास्त वेळा आढळली आहे.

दुखणं पिळासारखंच अचानक येतं. मात्र वृषण बहुधा आपल्या जागेवर असतं, फार वर ओढलेलं नसतं, मांडीला खाजवल्यावर ते हलतं, ताप नसतो, लघवीच्या तपासणीत काही निघत नाही. वयही थोडं मोठं, साधारण विशी ते चाळिशी. पण या 'बहुधा'वर कोणी विसंबू नये. नुसत्या हाताने तपासून पीळ आणि इन्फार्क्ट यांच्यात खात्रीने फरक करता येत नाही आणि जो करता येतो म्हणतो त्याच्याबद्दल मला जरा शंकाच वाटते. म्हणून पहिल्या तासांत दोघांनाही एकच नियम: पिळाची शक्यता जाईपर्यंत पीळच समजायचं.

चारी तुंबते कशाने?

प्रामाणिक उत्तर असं की बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. हे ऐकून रुग्णाचं समाधान होत नाही, पण शोधायचं काय याची यादी डॉक्टरांकडे असते. वृषणालगतच्या नळीचा जंतुसंसर्ग इतका सुजतो की शेजारच्या शिरा दाबल्या जातात. पीळ बसून आपोआप सुटलेला असतो आणि तेवढ्या वेळात एक तुकडा गेलेला असतो. मार लागलेला असतो. हर्नियाचं किंवा व्हेरिकोसीलचं, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरांचं, ऑपरेशन झालेलं असतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणणारे काही आजार आहेत. त्यात वजन उतरणं, सांधे दुखणं, अंगावर जांभळे चट्टे अशी लक्षणं आधीपासून असू शकतात, म्हणून डॉक्टर असंबद्ध वाटणारे प्रश्न विचारतात तेव्हा वैतागू नये. रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठण्याचा दोष काहींच्यात जन्मजात असतो.

आणि सिकलसेल. हे कारण परदेशी पुस्तकांत यादीच्या मध्यावर कुठेतरी असतं, पण विदर्भात किंवा नंदुरबारकडे बसलेल्या डॉक्टरने ते वर आणून ठेवायला हवं. सिकलसेल हा आनुवंशिक आजार. त्यात लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराच्या, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं, प्लीहा, फुप्फुसं या जागा सगळ्यांना माहीत आहेत. लिंगाला तासन्‌तास ताठरता येऊन दुखणं हाही या आजाराचा ओळखीचा त्रास, फक्त लाजेपोटी कमी सांगितला जाणारा. वृषणाचा इन्फार्क्ट त्यामानाने क्वचित होतो, पण होतो.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि तिकडे सातपुड्यातलं नंदुरबार हे आपल्याकडचे सिकलसेलचे पट्टे. हा आजार फक्त आदिवासींचा, ही समजूत चुकीची आहे. विदर्भात तो इतर समाजांतही आहे. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या व्यक्तीला तिथले लोक 'एसएस पॅटर्न' म्हणतात आणि एकाच पालकाकडून आलेल्याला 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो आणि तो वाहक आहे हे त्याला ठाऊकही नसतं. मात्र वृषणाचा इन्फार्क्ट वाहकांतही आढळल्याच्या नोंदी आहेत. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. त्या मोहिमेत तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल तर ते दवाखान्यात दाखवा. तपासणी झालीच नसेल आणि तुमचं मूळ या पट्ट्यातलं असेल, मग सध्या राहायला पुण्यात असा की पिंपरीत, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. सोल्युबिलिटी टेस्ट बोटातून घेतलेल्या रक्तावर काही मिनिटांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी वाहक की रुग्ण हे सांगते.

गाठ नाही हे कशावरून?

ही भीती बिनबुडाची नाही. वृषणाचा कर्करोग साधारण 15 ते 40 या वयात जास्त होतो, म्हणजे अगदी याच वयात. तो बहुधा न दुखणाऱ्या कडक गाठीच्या रूपात येतो, पण काही रुग्णांत आत रक्तस्राव होऊन अचानक दुखायला लागतं. सोनोग्राफीत दोन्ही काळसर दिसतात. एके काळी म्हणूनच सरसकट वृषण काढलं जायचं आणि ते कर्करोगाचं नव्हतंच, हे नंतर पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली कळायचं.

आज फरक कळायचे मार्ग बरे आहेत. सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी न दुखणाऱ्या बाजूवर यंत्राची मूठ ठेवतात. निरोगी वृषण पडद्यावर एकसारखं राखाडी, बारीक दाणेदार दिसतं. तिथल्या रक्तप्रवाहाला यंत्र जुळवून घेतात आणि मग दुखऱ्या बाजूकडे वळतात. डॉपलर चालू केलं की रक्त जिथे हलतंय तिथे लाल-निळे ठिपके लुकलुकतात. (लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं नाही. मुठीकडे येणारं रक्त एका रंगात आणि दूर जाणारं दुसऱ्यात, इतकंच.) पीळ असेल तर सगळं वृषण अंधारात. इन्फार्क्ट असेल तर बाकीच्या भागात ठिपके आहेत आणि एका पाचरीत एकही नाही. गाठीत मात्र बहुतेक वेळा ठिपके असतात, कारण वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं.

पंचाईत होते ती दोन ठिकाणी. दुखायला लागल्यावर पहिल्या काही तासांत इन्फार्क्ट नीट उमटलेला नसतो, पडदा जवळपास नॉर्मल दिसतो. आणि काही इन्फार्क्ट पाचरीसारखे न दिसता गोल दिसतात, तेव्हा ते गाठीशी अगदी मिळतेजुळते असतात. छोट्या गाठीतला प्रवाह डॉपलरला कधी कधी सापडतही नाही. अशा वेळी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, शिरेतून देऊन केलेली एमआरआय उपयोगी पडते: मेलेल्या भागात औषध शिरत नाही आणि त्याच्या कडेने चकाकणारी एक किनार उमटते. सोनोग्राफीतही शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून हेच पाहता येतं, पण ती सोय सगळीकडे नाही.

सोबत तीन रक्त तपासण्या होतात: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातलं बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत शोधतात तेच हार्मोन, त्यामुळे लॅबमधून रिपोर्ट घेताना काही पुरुष गोंधळतात. या वाढलेल्या निघाल्या तर गाठीचा संशय बळावतो. पण नॉर्मल आल्या म्हणून गाठ नाहीच, असं म्हणता येत नाही. वृषणाच्या कर्करोगाचा एक नेहमी आढळणारा प्रकार या तपासण्या बऱ्याचदा नॉर्मलच ठेवतो.

"मग सुई घालून तुकडा काढून बघा की"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि तो तर्काला धरून आहे. स्तनातल्या गाठीला सुई घालतात, मानेतल्या घालतात, मग इथे का नाही?

याचं उत्तर पुन्हा वृषणाच्या जन्मठिकाणात आहे. वृषण पोटातून आलेलं असल्यामुळे त्याच्या लसीका, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, पोटात मागच्या बाजूला, महारोहिणीलगतच्या लसीका-ग्रंथींकडे जातात. अंडकोशाच्या कातडीच्या लसीका मात्र जांघेतल्या लसीका-ग्रंथींकडे जातात. कातडीतून सुई आत घातली आणि तिथे खरंच कर्करोग असला, तर त्याच्या पेशींना एरवी नसलेली वाट मिळू शकते. म्हणून गाठीचा संशय असेल तर सर्जन अंडकोशातून न जाता जांघेतून जातात, देठाला वरच चिमटा लावतात आणि मग वृषण बाहेर घेऊन पाहतात. काही ठिकाणी तिथल्या तिथे छोटा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात आणि रुग्ण भुलेत असतानाच उत्तर येतं. मेलेला भागच निघाला तर उरलेलं वृषण परत जागेवर.

सगळ्या तपासण्या करूनही शंका उरली आणि सर्जनने असं ऑपरेशन सुचवलं, तर ते कापाकापीची हौस म्हणून सुचवलेलं नसतं. चित्र स्पष्ट इन्फार्क्टचं असताना केवळ 'कटकट नको' म्हणून वृषण काढून टाकणं मात्र मला पटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला तेव्हा पुरेसा वेळ असतो. पीळ नाही हे एकदा ठरलं की घड्याळ तासांचं राहत नाही.

मेलेला भाग आत सडणार नाही का?

नाही, कारण सडायला जंतू लागतात आणि इथे ते नसतात. शरीर मेलेल्या पेशी हळूहळू शोषून घेतं आणि त्या जागी वण तयार होतो. काही आठवड्यांत डाग आकसायला लागतो, काही महिन्यांनी तिथे एक बारीक खाच किंवा रेघ उरते. मूळ कारण जंतुसंसर्गाचं असेल तर गोष्ट वेगळी. ताप चढला, कातडी लाल झाली, ठणका वाढत गेला तर पू झाल्याची शंका घेऊन लगेच परत जायला हवं.

एरवी उपचार साधा आहे, इतका की त्यावर विश्वास बसत नाही. वेदनाशामक गोळ्या, काही दिवस जड उचलणं आणि मोटरसायकल बंद, आणि अंडकोशाला आधार. आधारासाठी मेडिकलमध्ये पट्टा मिळतो. नीट बांधलेला लंगोट तेच काम करतो, किंबहुना पट्ट्यापेक्षा कमी काचतो असं वापरणारे सांगतात. लघवीत किंवा तपासणीत संसर्ग दिसला तरच अँटिबायोटिक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सरसकट देत नाहीत. रक्त गोठण्याचा दोष सापडला तर त्या त्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने. सिकलसेल निघाला तर पाणी भरपूर, वेदना कमी करणं आणि पुढे हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध चालू करायचं का, हा निर्णय.

या साध्या उपचाराची एक अट आहे आणि ती बहुतेक जण मोडतात: परत सोनोग्राफीला जाणं. दुखणं थांबलं की माणूस कागद कपाटात टाकतो. पण इन्फार्क्ट आकसतो आणि गाठ आकसत नाही, हा फरक काळच दाखवतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी एकदा, मग महिना-दोन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच सेंटरमध्ये, सोनोग्राफी करायची. डाग तेवढाच राहिला, वाढला किंवा त्यात रक्तप्रवाह दिसायला लागला, तर सबुरी तिथेच संपते आणि वर सांगितलेलं जांघेतलं ऑपरेशन ठरतं. ज्यांना फेऱ्या जमणार नाहीत, म्हणजे ऊसतोडीला निघालेत किंवा महिन्याभरात आखाती देशात कामावर रुजू व्हायचंय, त्यांनी हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावं. त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो आणि तो त्यांच्या बाबतीत बरोबर असू शकतो.

मूल होईल ना?

हा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतो. तो बाहेर गेल्यावर त्याचा भाऊ किंवा बायको विचारते. एका वृषणाचा एक तुकडा गेला आणि दुसरं वृषण निरोगी असेल तर मूल होण्यात किंवा टेस्टोस्टेरॉनच्या पातळीत सहसा अडचण येत नाही. संपूर्ण एक वृषण गेलेल्यांनाही मुलं होतात. ताठरतेशी तर याचा थेट संबंधच नाही, हे लग्न ठरलेल्या मुलांना दोनदा सांगावं लागतं.

दुसरी बाजू आधीपासून लहान किंवा खराब असेल, किंवा सिकलसेलसारखं कारण दोन्हीकडे पोचू शकणारं असेल, तर वीर्य तपासून घ्यावं. ते लगेच करण्यात अर्थ नाही, कारण एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तीन महिन्यांनी केलेली तपासणी खरं चित्र दाखवते. गाठीच्या संशयाने वृषण काढायचं ठरलंच, तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवायची सोय आहे का, हे डॉक्टरांना विचारायचा संकोच करू नये.

पुन्हा दुखलं तर

एकदा इन्फार्क्ट झालेल्या माणसाला पुन्हा कळ आली की तो म्हणतो, मागच्यासारखंच असेल, गोळी घेऊन बघू. असं करू नका. मागचा इन्फार्क्ट बसून सुटलेल्या पिळामुळेही झालेला असू शकतो आणि या वेळचा पीळ सुटेलच असं नाही. घड्याळ परत शून्यापासून सुरू झालेलं असतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. रिपोर्ट आणि सीडी हाताशी असेल तर घ्या, नसेल तर शोधत बसू नका. कळ किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. घरातलं कुणी हळद-दूध पुढे करेल, गाडी वाटेत चहाला थांबेल. त्या प्रवासात काही खाऊ-पिऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.